हेडफोनमधली घूं घालवायला अर्थिंगची पिन काढू नका

‘हेडफोनमधली घरघर कायमची बंद: मेकॅनिक सांगणार नाही असे सात उपाय’ या मथळ्याचा मेसेज सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर जोरात फिरतो आहे. त्याचाच एक छोटा व्हिडिओही निघाला आहे. ज्यांच्यापर्यंत तो आला नाही त्यांच्यासाठी त्यातला मजकूर थोडक्यात सांगतो. पहिला उपाय असा: घूं आवाज अर्थिंगमुळे येतो, म्हणून कॉम्प्युटरच्या प्लगची जाडी पिन काढा किंवा तिला टेप गुंडाळा, त्या पिनेत करंट नसतो, त्यामुळे धोका नाही. दुसरा: घरात अर्थिंगच नसेल तर बोर्डात न्यूट्रलची वायर अर्थला जोडून द्या. तिसरा: सोन्याचा मुलामा दिलेली केबल घ्या. चौथा: केबलवर फेराइटचा (चुंबकीय पदार्थाचा) मणी चढवा. पाचवा: विंडोजमध्ये सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, तो आकडा) सगळ्यात वरचा ठेवा. सहावा: बाहेरचा डॅक (कॉम्प्युटरमधले आकडे आवाजाच्या सिग्नलमध्ये बदलणारी डबी) घ्या, म्हणजे कुठलाच आवाज उरत नाही. सातवा: बॅलन्स्ड हेडफोन केबल वापरा.

हा मेसेज माझ्या भाच्याला कॉलेजच्या ग्रुपवर मिळाला. तो छत्रपती संभाजीनगरात भाड्याच्या खोलीत राहतो, गाण्यांचं वेड आहे, आणि साठवलेल्या पैशांतून त्याने डॅक आणि हेडफोनचा अँप, म्हणजे अँप्लिफायर, घेतला आहे. घूं यायला लागली तसा त्याने पहिला उपाय केला आणि खुशीत मला फोन लावला. ‘मामा, आवाज एकदम गेला. फक्त आता कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, त्याला काय करू?’ आवाज जाणं आणि झिणझिण्या येणं ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी त्याला आधी स्विच बंद करून प्लग काढायला लावला आणि मग पुढचं बोललो. त्याच्यासारखी किती पोरं आज टेप गुंडाळलेल्या प्लगवर कॉम्प्युटर चालवत असतील, या विचाराने हे लिहायला बसलो आहे.

पहिला उपाय: जाडी पिन काढा

यातलं जे खरं आहे ते आधी सांगून टाकतो. पिन काढल्यावर आवाज बरेचदा खरंच जातो. म्हणूनच तर हा सल्ला इतकी वर्षं टिकून आहे. करून पाहणाऱ्याला लगेच फळ मिळतं आणि तो पुढच्याला सांगतो.

आवाज का जातो ते समजून घेऊ. कॉम्प्युटरचं धातूचं कॅबिनेट तिसऱ्या पिनेतून अर्थला जोडलेलं असतं. अँपलाही तीन पिनांचा प्लग असेल तर तोही अर्थला जोडलेला असतो. आता या दोघांमध्ये तुम्ही यूएसबी किंवा आरसीए (साधी ऑडिओची) केबल लावली, की त्या केबलच्या बाहेरच्या जाळीतून दोघांचे ग्राउंड पुन्हा एकदा जोडले जातात. म्हणजे एक बंद कडं तयार होतं: कॉम्प्युटर, केबल, अँप, अँपच्या प्लगची अर्थची वायर, भिंतीतलं वायरिंग आणि परत कॉम्प्युटर. दोन वेगवेगळ्या बोर्डांवरच्या अर्थमध्ये थोडासा व्होल्टेजचा फरक असतोच. तेवढ्या फरकाने या कड्यातून ५० हर्ट्झचा प्रवाह वाहत राहतो. आरसीए केबलमध्ये बाहेरची जाळी हीच सिग्नलची परतीची वाटही असते, त्यामुळे जाळीत जे व्होल्टेज पडतं ते सरळ गाण्यात मिसळतं. १० मिलिअँपिअरचा प्रवाह आणि जाळीचा रोध ०.१ ओम धरला तर १ मिलिव्होल्ट होतो. डॅकमधून येणारा पूर्ण सिग्नल साधारण २ व्होल्टचा. म्हणजे घूं गाण्यापेक्षा जेमतेम ६६ डेसिबल खाली आहे. रात्री शांत खोलीत, कानाला चिकटलेल्या हेडफोनमध्ये, गाणं थांबलं की ती स्वच्छ ऐकू येते.

पिन काढली की कडं तुटतं आणि घूं थांबते. पण तेच कडं सिग्नलच्या केबलपाशीही तोडता येतं, आणि तिथे तोडलं तर कुणाच्या जिवाला धोका नसतो. मेसेज नेमकी चुकीची जागा सांगतो.

‘त्या पिनेत करंट नसतो’ या वाक्याचा मला खरा राग आहे. सगळं ठीक चाललेलं असताना त्या पिनेत नगण्य करंट असतो, हे बरोबर. ती पिन ठेवली आहे ती सगळं ठीक नसेल त्या क्षणासाठी. रोज कुणी पडत नाही म्हणून विहिरीचा कठडा पाडा, असं सांगण्यासारखं हे आहे.

झिणझिण्यांचं कारण बघा. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे आतल्या पॉवर सप्लायमध्ये, फेज आणि कॅबिनेट, तसंच न्यूट्रल आणि कॅबिनेट यांच्यामध्ये छोटे कपॅसिटर बसवलेले असतात. उच्च वारंवारतेचा गोंगाट अर्थकडे वळवणं हे त्यांचं काम. अर्थ जोडलेला असताना त्यांच्यातून जाणारा बारीक प्रवाह गुपचूप अर्थमध्ये निघून जातो. अर्थ तोडला की कॅबिनेट या दोन कपॅसिटरांच्या मधोमध लटकतं आणि २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास जाऊन बसतं. प्रवाह मिलिअँपिअरच्या अंशात असल्याने तेवढ्याने माणूस मरत नाही, फक्त मुंग्या येतात. टेस्टर लावला तर तो पेटतो.

या मुंग्यांची अनेकांना सवय होते, ‘आमच्या कॉम्प्युटरला थोडा करंट येतोच’ असं लोक सहज बोलून जातात. पण एसएमपीएसच्या आत कधी एखादा भाग जळला, इन्सुलेशन गेलं, उंदराने वायर कुरतडली आणि फेज कॅबिनेटला टेकला, तर काय होईल? अर्थ शाबूत असेल तर मोठा प्रवाह अर्थकडे धावतो आणि फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडतो. तेवढा प्रवाह वाहिला नाही तरी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच पडणारा स्विच, लाइन तोडतो. अर्थ नसेल तर यातलं काहीच घडत नाही. कॉम्प्युटर कदाचित चालूच राहील आणि कॅबिनेटवर पूर्ण २३० व्होल्ट उभे राहतील, कुणाचा तरी हात लागायची वाट बघत. हातापासून पायापर्यंत शरीराचा रोध १,५०० ओम धरला तर दीडशे मिलिअँपिअर होतात. पावसाळ्यात ओल धरलेल्या फरशीवर अनवाणी उभा असलेला माणूस यातून वाचेलच असं मला सांगता येणार नाही.

आणि हे व्होल्टेज कॅबिनेटपुरतं राहत नाही. यूएसबीच्या खोबणीचा धातू, हेडफोनच्या जॅकची बाहेरची कडी, डॅकचं धातूचं खोकं, अँपच्या व्हॉल्यूमची धातूची खुंटी हे सगळं केबलच्या जाळीतून त्याच कॅबिनेटला जोडलेलं असतं. अँपचा स्वतःचा अडॅप्टर कितीही चांगला असला तरी त्याच्या खुंटीवर कॉम्प्युटरचा बिघाड येऊन बसतो.

काही जण म्हणतील, आम्ही फक्त कॉम्प्युटरची पिन काढली, अँपची तशीच आहे, म्हणजे केबलमधून अर्थ मिळतोच की. हा युक्तिवाद मी ऐकलेला आहे आणि तो पिन काढण्याइतकाच वाईट आहे. अशा वेळी बिघाडाचा सगळा प्रवाह त्या बारीक आरसीए किंवा यूएसबी केबलच्या जाळीतून जाईल. ती केबल सिग्नलसाठी बनवलेली आहे, शेकडो अँपिअरसाठी नाही. ती तापेल, जळेल, आणि जळून तुटली की अर्थही गेला.

यावर मी एकच आधार देतो, कारण तो पुरेसा आहे. बिल व्हिटलॉक हे अमेरिकेतल्या जेन्सन ट्रान्सफॉर्मर्स या कंपनीचे अनेक वर्षं प्रमुख होते. ऑडिओतल्या ग्राउंड लूपवर, म्हणजे वर सांगितलेल्या कड्यावर, त्यांनी जेवढं नेटकं लिहिलं आहे तेवढं क्वचितच कुणी लिहिलं असेल. त्यांची टिपणं इंटरनेटवर फुकट मिळतात आणि स्टुडिओवाले, साउंडवाले ती वर्षानुवर्षं वापरत आले आहेत. ज्या माणसाचा धंदाच घूं घालवण्याचा, तो स्वच्छ बजावतो की सुरक्षेसाठी असलेला अर्थ कधीही तोडायचा नाही. कडं तोडायचं ते सिग्नलच्या वाटेवर. अर्थ तोडण्याइतका फुकटचा आणि झटपट उपाय खरंच चालण्यासारखा असता, तर त्यांनी तो पहिल्या पानावर सांगितला असता.

आपल्याकडच्या प्लगकडेच नीट पाहा. भारतीय मानक आयएस १२९३ प्रमाणे बनलेल्या तीन पिनांच्या प्लगमध्ये अर्थची पिन बाकी दोघींपेक्षा लांब आणि जाड असते. लांब अशासाठी की प्लग घालताना ती आधी टेकावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी, म्हणजे फेज जोडलेला असताना एक क्षणही उपकरण अर्थशिवाय राहू नये. अनेक सॉकेटांत फेज आणि न्यूट्रलच्या भोकांवरची झडपही हीच पिन उघडते. म्हणून पिन तोडलेला प्लग सॉकेटात जात नाही, आणि मग लोक वरच्या भोकात पेन किंवा स्क्रूड्रायव्हर खुपसून झडप उघडतात. घरात लहान मूल असेल तर ते हे बघतं आणि शिकतं. ज्या मेसेजला एक पिन काढणं एवढी साधी गोष्ट वाटते, त्याने याचा विचार केलेला नाही.

‘मग लॅपटॉपचे काही चार्जर टू-पिन कसे?’ हा प्रश्न भाच्यानेही विचारला आणि तो रास्त आहे. त्या चार्जरवर चौकोनात चौकोन अशी खूण असते. तिचा अर्थ आत दुहेरी इन्सुलेशन आहे आणि ते उपकरण अर्थशिवायच सुरक्षित राहील अशा रीतीने बनवलं आहे. डेस्कटॉपचा एसएमपीएस तसा बनवलेला नसतो. त्याची सुरक्षा अर्थ आहे असं गृहीत धरूनच आखलेली असते. बनवणाऱ्याने दोन पिना दिल्या आणि आपण तिसरी कापली, या दोन गोष्टी एक नाहीत.

ज्यांनी टेप लावली असेल त्यांनी आज काढा. पिन कापली असेल तर पॉवर कॉर्डच बदला. कॉम्प्युटरच्या दुकानात कुठेही मिळते आणि फारशी महाग नसते.

दुसरा उपाय: न्यूट्रल आणि अर्थ जोडा

हा पहिल्यापेक्षाही घातक आहे, फक्त त्याला मेहनत लागते म्हणून कमी लोक करत असतील अशी आशा आहे. जुन्या चाळींत, जुन्या वाड्यांत, कधी नव्या फ्लॅटातही बोर्डावर तीन भोकं असतात पण तिसऱ्यामागे वायरच नसते. तेव्हा काही वायरमनही ‘न्यूट्रलमधून अर्थ देतो’ म्हणतात. ट्रान्सफॉर्मरपाशी न्यूट्रल जमिनीत जोडलेला असतो हे खरं आहे. पण ते काम तिथे, नियमाने होतं. तुमच्या खोलीतल्या बोर्डात तीच जोडणी केली आणि उद्या मागे कुठे न्यूट्रलची वायर सैल झाली किंवा तुटली, तर चालू असलेल्या पंख्यातून, ट्यूबमधून फेज उलटा फिरून न्यूट्रलवर येतो आणि तिथून थेट तुमच्या कॅबिनेटवर. यात कॉम्प्युटरमध्ये काहीही बिघडलेलं नसतं. शिवाय घरात आरसीसीबी असेल तर अशा जोडणीने तो सारखा पडायला लागतो, आणि मग ‘हा खराब आहे’ म्हणून त्यालाच बायपास केलं जातं. घूं घालवण्याच्या नादात घरातली दोन्ही संरक्षणं गेली.

आणि घूंही जात नाही. न्यूट्रलमधून सगळ्या घराचा प्रवाह वाहत असतो. त्याला कॅबिनेट जोडल्यावर फ्रीज सुरू झाला, गीझर लागला, की हेडफोनमध्ये फरक ऐकू येईल.

अर्थ आहे की नाही हे तपासायला परवानाधारक वायरमन बोलवा. फेज आणि अर्थ यांच्यात त्याला जवळपास फेज-न्यूट्रलइतकंच व्होल्टेज मिळालं पाहिजे, न्यूट्रल आणि अर्थमध्ये फार तर दोन-चार व्होल्ट. नुसत्या मीटरवर भागवू नका, अर्थची वायर प्रत्यक्ष कुठवर गेली आहे ते त्याला दाखवायला सांगा. घर भाड्याचं असेल तर मालकाशी बोला. हा खर्च त्यांनी करायचा आहे आणि मागायला संकोच नको.

सोनं, फेराइट, सॅम्पल रेट

या तिघांवर फार वेळ घालवायची गरज नाही, जीव कुणाचा जात नाही, फक्त पैसे जातात.

सोन्याचा मुलामा गंजत नाही, एवढाच त्याचा गुण. कोकणात, गोव्यात, समुद्राजवळच्या दमट हवेत साध्या जॅकवर काळपट थर चढतो आणि जॅक फिरवला की खरखर होते. तिथे सोनेरी जॅकचा उपयोग आहे, आणि तसा जॅक साध्या केबलवरही मिळतो. ५० हर्ट्झच्या घूंवर सोन्याचा काडीचाही परिणाम होत नाही. यूएसबी केबलमधून तर आकडेच जातात. महाग केबलमध्ये ते जास्त गोड होत नाहीत.

फेराइटचा मणी मेगाहर्ट्झच्या वारंवारतेला अडवतो. ५० हर्ट्झसाठी तो जवळपास असून नसल्यासारखा. हां, मोबाइल हेडफोनच्या वायरीजवळ ठेवला की फोन यायच्या आधी जी टर्र-टर्र-टर्र होते, तिच्यावर तो थोडाफार चालतो. टूजीमध्ये फोन सेकंदाला साधारण २१७ वेळा रेडिओचा झटका सोडतो, तोच तो आवाज. मोबाइल हातभर लांब ठेवलात तरी तेच काम होतं.

सॅम्पल रेटचं तर काहीच नातं नाही. ४८ किलोहर्ट्झवर २४ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पकडला जातो, माणसाचा कान २० किलोहर्ट्झच्या वर जात नाही. रेट वाढवून बाहेरून येणारा गोंगाट कमी होत नाही. उलट कमकुवत कॉम्प्युटरवर आवाज तुटायला लागतो.

सातवा: बॅलन्स्ड केबल

इथे अर्धसत्य आहे. डॅकपासून अँपपर्यंत बॅलन्स्ड जोडणी, म्हणजे एकच सिग्नल दोन तारांवर उलटसुलट नेणारी, असेल, आणि अँपचं इनपुट खरोखर दोन्ही तारांमधला फरकच उचलणारं असेल, तर ग्राउंडमधली घूं दोन्ही तारांवर सारखी येते आणि वजा होऊन जाते. स्टुडिओत म्हणूनच एक्सएलआर केबल असतात. पण मेसेज म्हणतो ती हेडफोनची केबल. घूं त्याच्या आधीच सिग्नलमध्ये शिरलेली असते, आणि ४.४ मिलिमीटरच्या जॅकची बॅलन्स्ड केबल ती इमानेइतबारे तुमच्या कानापर्यंत पोचवते.

सहावा: बाहेरचा डॅक

हा एकच उपाय पुष्कळ वेळा खरा ठरतो, हे मला मान्य करावं लागेल. मदरबोर्डवरचा ऑडिओचा भाग ग्राफिक्स कार्डाच्या शेजारी असतो, आणि कॅबिनेटच्या पुढच्या जॅकपर्यंत जाणारी वायर सगळ्या गोंगाटाच्या मधून जाते. गेम सुरू केला, पान वरखाली केलं, माऊस हलवला की जी चिरचिर ऐकू येते ती याच वाटेने येते. तिच्यासाठी स्वस्तातला यूएसबी डॉंगल-डॅकही बहुतेक वेळा पुरतो. अ‍ॅपलचा छोटा डॉंगलही विंडोजच्या कॉम्प्युटरवर चालतो. पण पैसे खर्च करण्याआधी हेडफोन मागच्या जॅकला लावून बघा. अनेकांचं काम तिथेच होतं.

‘कुठलाच आवाज उरत नाही’ हे मात्र खोटं. डॅकला तुम्ही अर्थ असलेला वेगळा अँप जोडलात तर वर सांगितलेलं कडं नव्याने तयार होतं. भाच्याचं नेमकं हेच झालं होतं. डॅक घेतल्यावर त्याची चिरचिर गेली आणि घूं आली. यूएसबीमधून आणखी एक बारीक सूर येऊ शकतो: यूएसबी दर मिलिसेकंदाला एक फ्रेम पाठवते, तिची १ किलोहर्ट्झची शिट्टी, आणि हाय-स्पीडमध्ये ८ किलोहर्ट्झची. ती ऐकू येत असेल तर गोंगाट अजून कॉम्प्युटरच्या ग्राउंडमधूनच येतो आहे.

आता आवाज खरोखर कुठून येतो ते

मेसेजची मूळ चूक अशी की तो सगळ्या आवाजांना एकच समजतो. आधी कानाने ओळखा. खालच्या पट्टीतली सलग घूं ही लूपची किंवा एखाद्या ट्रान्सफॉर्मरजवळ ठेवलेल्या केबलची. करकरीत, तोंडात मधमाशी धरल्यासारखा आवाज १०० हर्ट्झ आणि त्याच्या पटींचा असतो. तो एसीचं डीसी करणाऱ्या रेक्टिफायरकडून, इलेक्ट्रॉनिक फॅन रेग्युलेटरकडून, किंवा लाइट गेल्यावर चालणाऱ्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरकडून येतो. रेग्युलेटर पूर्ण पाचवर नेला की करकर कमी झाली, तर अपराधी सापडला. महावितरणची लाइन आल्यावर आवाज जातो आणि इन्व्हर्टरवर परत येतो, तर अर्थिंगला दोष देऊ नका.

नुसती सूं म्हणजे हिस, ही लूप नसतेच. ती अँपची स्वतःची असते, आणि कानात घालायच्या संवेदनशील आयईएमवर जास्त ऐकू येते. १६ ओमच्या, १ मिलिवॅटला ११० डेसिबल देणाऱ्या आयईएममध्ये अँपचा १० मायक्रोव्होल्टचा गोंगाट सुमारे २८ डेसिबलने ऐकू येतो. तोच गोंगाट १ व्होल्टला ९७ डेसिबल देणाऱ्या ३०० ओमच्या हेडफोनमध्ये शून्याच्याही खाली जातो, म्हणजे कानाला कळतच नाही. अँपवर गेनचं (सिग्नल किती पट वाढवायचा त्याचं) बटण असेल तर ते खाली करा. तेवढंच औषध. आणि विंडोजमध्ये माइकचा बूस्ट वर असेल, किंवा माइकच्या सेटिंगमध्ये तोच आवाज हेडफोनमध्ये ऐकवण्याचा पर्याय चालू राहिला असेल, तर खोलीतल्या पंख्याचाच आवाज तुम्हाला सूं म्हणून ऐकू येत असतो.

तुटक टकटक, चटचट हा तर विजेचा प्रश्नच नव्हे. प्रोसेसर वेळेवर आवाज पुरवू शकत नाही, बहुतेक वेळा वायफाय किंवा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमुळे. लेटन्सीमॉन नावाचा प्रोग्राम दोषी ड्रायव्हरचं नाव सांगतो. यावर पिन काढणाऱ्याला फक्त झिणझिण्या मिळतील.

आणखी एक गोष्ट, जी मेसेजला कळलेलीच नाही. हेडफोन थेट कॉम्प्युटरच्या जॅकला लावला असेल आणि मध्ये अँप नसेल, तर हेडफोनच्या टोकाला अर्थ नसतो. हेडफोनमधून लूप पूर्ण होऊच शकत नाही. अशा वेळी पिनेशी खेळण्याचं काही कारणच उरत नाही.

लूपचीच शंका असेल तर व्हिटलॉक सांगतात तसं एकेक करून वेगळं काढत जा. अँपच्या व्हॉल्यूमने घूं कमीजास्त होते का? होत असेल तर ती खुंटीच्या आधी शिरते आहे, होत नसेल तर नंतर. अँपचा आवाज खाली आणून इनपुटची केबल काढा, मग हळूहळू वाढवा. शांत झालं तर अँप निर्दोष. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, ही सगळ्यात सोपी परीक्षा. एचडीएमआयने टीव्ही जोडला असेल आणि टीव्हीला केबलवाल्याची वायर असेल, तर ती वायर काढून बघा. केबलवाल्याचा अर्थ तुमच्या घरच्या अर्थपेक्षा वेगळा असतो आणि बऱ्याच घरांत घूं तिथूनच येते.

मग फुकटचा उपाय: कॉम्प्युटर, मॉनिटर आणि अँप एकाच स्पाइक बोर्डावर घ्या आणि तो बोर्ड एकाच सॉकेटात लावा. सगळ्यांचा अर्थ एकाच ठिकाणी भेटला की व्होल्टेजचा फरक जवळपास उरत नाही. साध्या कॉम्प्युटरचा आणि अँपचा भार ६ अँपिअरच्या, म्हणजे १,३८० वॉटच्या सॉकेटात आरामात बसतो. भाच्याचं काम एवढ्यावरच झालं. त्याचा अँप खोलीच्या दुसऱ्या भिंतीवरच्या बोर्डावर होता. पिन परत आली, झिणझिण्या गेल्या, घूंही गेली.

एवढं करूनही राहिली, तर कडं सिग्नलच्या वाटेवर तोडायचं. मदरबोर्डला ऑप्टिकल आउटपुट असेल तर डॅकपर्यंत टॉसलिंकची केबल टाका. काचेतून किंवा प्लास्टिकमधून प्रकाश जातो, त्यात प्रवाह वाहायला धातूच नाही. नसेल तर यूएसबी आयसोलेटर घ्या. स्वस्त आयसोलेटर १२ मेगाबिटचे, म्हणजे यूएसबीच्या ‘फुल-स्पीड’चे असतात (नाव असं असलं तरी ‘हाय-स्पीड’ त्याहून वेगवान). २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या स्टीरिओला ४.६ मेगाबिट लागतात, त्यामुळे ते पुरतात. पण तुमचा डॅक फक्त हाय-स्पीडवर चालणारा असेल तर तो ओळखलाच जाणार नाही, घेण्याआधी विचारून घ्या. तिसरा पर्याय ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची ट्रान्सफॉर्मरची डबी. ती चांगली काम करते, मात्र ती डॅक आणि अँप यांच्या मध्ये लावायची, अँप आणि हेडफोन यांच्या मध्ये नाही. तिथे लावली तर हेडफोनचा भार तिला झेपत नाही आणि तबल्याचा बायाँच गायब होतो.